उंबऱ्याच्या आत साहेब, उंबऱ्याबाहेर सोयरा

भाद्रपदाला कित्येक महिने असतात तेव्हाच पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्तींच्या पेट्या जहाजाने परदेशी रवाना होऊ लागतात. त्यांतल्या काही ब्रिटनला जातात. पेण, हमरापूर, जोहे या परिसरातील कारागिरांच्या हातची, डोळ्यांच्या आखणीवरूनच पेणची म्हणून ओळखू यावी अशी मूर्ती तिकडच्या मराठी घरात चौरंगावर बसते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, तेव्हा मराठी माणसाने आपले सणवार तिकडे नेले त्यालाही आता नऊ दशके उलटून गेली. प्रश्न एवढाच, की या देवाणघेवाणीत तिकडून इकडे काय आले? पेण आणि रोह्याच्या सुस्थित घरांत डोकावले तर उत्तर लगेच सापडते. ‘सॉरी’ आणि ‘थँक्यू’ आले, ‘अंकल’ आणि ‘आंटी’ आले, औक्षणाच्या निरांजनाऐवजी मेणबत्त्या विझवून साजरा होणारा वाढदिवस आला, आणि दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला ‘आधी फोन करायचा होतात’ असे सुनावण्याचे धैर्यही आले. देव निर्यात झाला आणि दुरावा आयात झाला.

इंग्रजांच्या रीतिभातींविषयी दोन ठरावीक मते नेहमी ऐकू येतात. पहिले मत इंग्रजी शाळेच्या फाटकापाशी ऐकू येते : सभ्यता शिकावी ती साहेबाकडूनच. दुसरे राष्ट्रीय विचारांच्या बैठकीत टाळ्या घेते : उपभोग आणि अहंकार यांखेरीज साहेबाकडे शिकण्यासारखे आहे काय? ही दोन्ही मते आळशी आहेत. दोन्ही बाजूंना न रुचणारे सत्य असे आहे, की इंग्रजांचे शिष्टाचार परक्या माणसाशी वागण्यासाठी उत्तम आहेत आणि आपल्या माणसाशी वागण्यासाठी निकृष्ट आहेत. मराठी मध्यमवर्गाने मात्र त्यांची नेमणूक नेमकी उलट्या जागी केली. परक्यांसाठी असलेली इंग्रजी रीत त्याने माजघरापर्यंत आणली, आणि आप्तांसाठी असलेली हिंदू रीत एस.टी. स्थानकात, कचेरीत आणि देवळाच्या दारात नेऊन बाटवली. घरात तो साहेब झाला आणि रस्त्यावर सगळ्यांचा सोयरा. नुकसान दोन्हीकडे झाले.

अंतराचे शास्त्र

इंग्रजाचे घर हा त्याचा किल्ला, अशी त्यांच्याकडे म्हण आहे. सर एडवर्ड कोक या कायदेपंडिताने १६०४ सालच्या एका खटल्याच्या निमित्ताने या कल्पनेला कायद्याची बैठक दिली. ज्या जिल्ह्याने १९८१ साली कुलाबा हे नाव टाकून रायगड हे नाव धारण केले, तेथील माणसाला किल्ला म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. रायगड एका कुटुंबाला शेजाऱ्यांपासून वाचवण्यासाठी बांधला गेला नव्हता. त्याच्या तटबंदीमागे अवघे स्वराज्य उभे होते. इंग्रजाच्या किल्ल्यात मात्र तो स्वतः, त्याची पत्नी, अजाण वयातली मुले आणि एखादा कुत्रा एवढीच शिबंदी असते. त्या किल्ल्यात शिरायचे तर आधी वेळ ठरवावी लागते. अनोळखी माणसाशी बोलायचेच झाले तर पावसापाण्याविषयी बोलावे. पगार किती, मुले किती, लग्न का झाले नाही, हे विचारणे असभ्य. दोन अनोळखी माणसे एकमेकांना न ओरबाडता शेजारून जाऊ शकावीत, यासाठी हे सारे नियम घडले. लाखो अपरिचितांना एकत्र कोंबणाऱ्या औद्योगिक शहरांना त्यांची गरजच होती.

या शास्त्राचे सर्वांत गोमटे फळ म्हणजे रांग. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांचे पार्थिव वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवले होते, तेव्हा थेम्स नदीच्या काठाने मैलोगणती रांग लागली. डेव्हिड बेकहॅमसारखा जगप्रसिद्ध फुटबॉलपटू त्या रांगेत बारा तासांहून अधिक काळ उभा राहिला. दूरचित्रवाणीच्या काही नामवंतांनी रांग चुकवली असा नुसता आरोप झाला, तर तेवढ्यावरून देशभर गदारोळ उठला. रांग मोडणे हा तेथे जवळपास नैतिक गुन्हा आहे. हिंदुत्वाचा अभिमान बाळगणाऱ्याने या गोष्टीची मनमोकळी स्तुती केली तर त्यात काही कमीपणा नाही.

रांग इंग्रजांच्या रक्तातच असते, असेही कोणी समजू नये. १८६८ सालापर्यंत त्याच देशात गुन्हेगाराला चव्हाट्यावर फाशी दिली जाई आणि तो तमाशा पाहण्यासाठी झुंबड उडे. जानेवारी १९४० मध्ये युद्धामुळे अन्नधान्याचे रेशनिंग सुरू झाले, ते जुलै १९५४ मध्ये संपूर्ण उठले. चौदा वर्षे तेथील गृहिणी लोणी आणि मांसासाठी निमूटपणे उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे ही शिस्त अंगात मुरली. जी सवय चौदा वर्षांत पक्की होऊ शकते ती वंशाची नसते, संकल्पाची असते. आणि संकल्प हा शब्द हिंदूला कोणी शिकवण्याची गरज नाही. प्रत्येक पूजेचा आरंभच तो संकल्पाने करतो.

परंतु रस्त्यावर सभ्यता ठरणारे हे अंतर घरात शिरले, की त्याचे नाव बदलते. मग त्याला एकाकीपणा म्हणतात. जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्यावर सोपवली. २०१६ साली हत्या झालेल्या खासदार जो कॉक्स यांच्या नावाने काम केलेल्या आयोगाने हा प्रश्न ऐरणीवर आणला होता. संरक्षणाला मंत्री, अर्थखात्याला मंत्री, आणि शेजारच्या एकट्या म्हातारीचे दार वाजावे यासाठीही मंत्री! यावर हसू नये. त्या देशाने आपला रोग निदान मान्य केला. हसण्यासारखी अवस्था आहे ती त्याच रोगाला प्रतिष्ठेचे लक्षण समजून तो घरी आणणाऱ्यांची.

पावती आणि ऋण

आईने ताट वाढले आणि मुलाने ‘थँक्यू मम्मा’ म्हटले, की आलेल्या पाहुण्यांसमोर त्या माउलीचा चेहरा खुलतो. वास्तविक ‘थँक्यू’ ही पावती आहे. वस्तू मिळाली, शब्द दिला, व्यवहार पूर्ण झाला, आता कोणाचे कोणाकडे काही बाकी नाही. दुकानदाराशी हे ठीक आहे. आईशी व्यवहार कसा पूर्ण होईल? हिंदू परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानले, आणि ही ऋणे शब्दाने फिटतात असे कधीही सांगितले नाही. ती कृतीने फेडायची असतात, आणि पुष्कळदा घेतलेल्याला परत न करता पुढच्या पिढीला देऊन फेडायची असतात. जेवून झाल्यावर स्वतःचे ताट उचलून मोरीत नेणारा मुलगा ‘थँक्यू’ न म्हणताही सुसंस्कृत असतो. ताट तसेच टाकून ‘थँक्यू’ म्हणणारा फक्त सफाईदार असतो. मराठीत ‘आभार’ हा शब्द नाही असे नाही, पण त्याची जागा सभेच्या शेवटी आहे, आणि आभारप्रदर्शन सुरू झाले की श्रोते चपला शोधू लागतात. त्या शब्दाने संबंध सुरू होत नाही, संपतो, हे सामान्य श्रोत्यालाही कळते.

नात्यांच्या नावांचेही तेच. आत्या, मावशी, काकू आणि मामी हे चार शब्द म्हणजे चार वेगवेगळी कर्तव्ये आहेत. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. वधूला बोहल्यावर आणतो तो मामा. बाळंतपणात आईच्या पाठोपाठ धावून येते ती मावशी. या सगळ्यांची मिळून एक ‘आंटी’ झाली, की शब्दाबरोबर कामही गेले. आंटीला बारशात काही काम नसते, ती फक्त पाकीट आणते. निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणारी ही भाषा. उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गूळ-पाणी ठेवून मग काम विचारणारा हा कोकण. तेथे आता दारावरच्या घंटेला आधी भिंगातून पाहिले जाते.

यात पणाला काय लागले आहे? रोह्याच्या जुन्या आळ्यांत आणि पेणच्या नव्या गृहसंकुलांत आज एकच दृश्य आहे. सत्तरी-पंच्याहत्तरीची दोन माणसे घरात आहेत, मुले मुंबई-पुण्यात किंवा सातासमुद्रापार आहेत. मुले वाईट नाहीत. ती पैसे पाठवतात, रविवारी पडद्यावर दिसतात. पूर्वीही कोकणातले तरुण मुंबईच्या गिरणीत आणि कचेरीत गेलेच होते. फरक असा, की तेव्हा मागे राहिलेल्या आईवडिलांना शेजार होता. आज शेजारी भिंतीपलीकडेच असतो, पण ‘उगाच डिस्टर्ब कशाला करा’ या सभ्य विचाराने तो बेल दाबत नाही. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर ही सभ्यता कोणाच्या कामाची? लंडनमध्ये या प्रसंगाला निदान तत्पर रुग्णवाहिकेची व्यवस्था आहे. तालुक्याच्या गावी शेजारी हीच व्यवस्था होती, आणि तीच मोडीत काढली जात आहे.

रुमालाचे राज्य

आता उंबऱ्याबाहेर यावे. सणासुदीच्या दिवसांत पेणच्या किंवा रोह्याच्या एस.टी. स्थानकात गाडी फलाटाला लागते. दार उघडण्यापूर्वीच खिडकीतून रुमाल, पिशवी, वर्तमानपत्र आणि प्रसंगी लहान मूलही आत पोहोचते. ज्याचा रुमाल त्याची जागा! काठी टेकत आलेली आजी धक्क्यांनी मागे लोटली जाते, आणि तिला लोटणारा तरुण घरी सकाळ-संध्याकाळ ‘सॉरी’ म्हणणारा असतो. कचेरीत तेच. अर्धा दिवस उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून एखादा हात पुढे येतो, आत ओळख निघते, ‘आपलाच माणूस आहे’ असे म्हटले जाते आणि काम होते. ‘आपला माणूस’ हे किती सुंदर शब्द! त्यांचा अर्थ आता ‘ज्याच्यासाठी दुसऱ्याचा हक्क डावलावा तो’ असा झाला आहे.

सर्वांत लाजिरवाणे दृश्य देवळात दिसते. ज्याच्यापुढे राव-रंक समान, असे कीर्तनात ऐकवले जाते, त्याच्याच दारात महनीयांसाठी वेगळा दरवाजा असतो, आणि त्या दरवाजाने आत गेल्याचा अभिमान लोक गावभर सांगतात. राणीच्या शवपेटिकेपुढे फुटबॉलपटू बारा तास उभा राहतो, आणि विघ्नहर्त्यापुढे गल्लीतला पुढारी बारा मिनिटे उभा राहू शकत नाही. धर्माभिमान्यांना हे बोचले पाहिजे.

या साऱ्याचे खापर मेकॉलेवर फोडण्याची जुनी सवय आहे. त्याचे शिक्षणविषयक टिपण १८३५ सालचे, तो वारला १८५९ साली. खिडकीतून रुमाल टाकायला मेकॉलेने शिकवले नाही. वेगळा दरवाजाही त्याने काढला नाही. शिवाय लंडनला स्थायिक झालेला मराठी माणूस या दुखण्याचे खरे निदान सांगून जातो. तेथे तो रांगेत उभा राहतो, गाडी झेब्रा पट्ट्यांपाशी थांबवतो, आणि घरी वरणभात, आरती आणि ‘ये रे बाळा’ सांभाळतो. म्हणजे बाहेर इंग्रजी आणि आत मराठी, ही योग्य वाटणी त्याला जमते. तोच माणूस सुटीत गावी उतरतो आणि पहिल्याच दिवशी तिकिटाच्या खिडकीपाशी ‘जरा ओळख’ शोधू लागतो. दोष रक्तात नाही, मातीतही नाही. इथे असे चालते, या समजुतीत तो आहे.

दोन प्रामाणिक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, की जुन्या आपलेपणाचे एवढे गोडवे कशाला? त्याच आपलेपणाने सुनेला श्वास घेऊ दिला नाही. हा आक्षेप खरा आहे. घरातल्या प्रत्येक पत्राला फुटलेले पाकीट आणि प्रत्येक निर्णयाला दहा मते, हा आपलेपणा नसून पहारा होता. इंग्रजी अंतरातून घरासाठी काही घ्यायचेच असेल तर एवढे घ्यावे, की दुसऱ्याच्या मनाच्या खोलीत शिरण्यापूर्वी टकटक करावी. मात्र त्यासाठी घराचेच दार बंद करण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हिंदू समाजाचा आपलेपणा जातीच्या कुंपणापाशी थांबत होता. याची साक्ष शोधायला दूर जावे लागत नाही. याच जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह पाण्याची ओंजळ भरून हक्क सिद्ध करावा लागला. कायदेमंडळाने आणि नगरपालिकेने ते पाणी आधीच सर्वांना खुले केले होते, तरीही समाजाने ते खुले होऊ दिले नव्हते. हे दुःख ज्याला समजले त्याला रांगेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रांगेला जात नसते. तिच्यात आडनाव पाहत नाहीत, फक्त आधी कोण आले ते पाहतात. वशिल्याने रांग मोडणारा प्रत्येक जण तळ्याभोवतीचे ते जुने कुंपण पुन्हा उभारत असतो. समरसतेवरची चार भाषणे कमी झाली तरी चालतील, पण कार्यकर्त्याने रांग मोडता कामा नये. अर्थात हा धडा देताना इंग्रजाला देव्हाऱ्यात बसवण्याचेही कारण नाही. स्वतःच्या देशात रांगेचा भक्त असलेल्या याच साहेबाने मुंबईत हिंदी माणसाला दार बंद असलेले क्लब खुशाल चालवले. त्याची समता त्याच्या बंदरापाशी संपत होती.

या मातीतली तीन माणसे

बाहेर कसे वागावे आणि आत काय जपावे, याचा वस्तुपाठ शोधायला विलायतेला जाण्याची गरज नाही. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांनीच तो दिला आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोद्याला झाला. १९५१ साली पोचमपल्लीहून भूदानयात्रा सुरू झाली, तेव्हा हा माणूस अनोळखी जमीनदारांच्या दारात न बोलावता जात असे आणि पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, असे म्हणून भूमिहीनासाठी वाटा मागत असे. नाते त्यांनीही बाहेर नेलेच, पण ते स्वतःसाठी जागा अडवायला नव्हे. दुसऱ्याला जागा मिळवून द्यायला नेले.

रोह्यात १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांनी तेच सूत्र वेगळ्या रीतीने उभे केले. त्यांचा स्वाध्यायी भक्तिफेरीला निघतो तो स्वतःच्या खर्चाने, स्वतःची शिदोरी घेऊन. अपरिचिताच्या दारात तो काही मागायला जात नाही, समोरच्यातही तोच ईश्वर वसतो एवढे नाते सांगायला जातो. १९९७ साली शास्त्रीजींना टेंपलटन पुरस्काराने गौरवण्यात आले, तेव्हा पाश्चात्त्य जगाने या नात्याचेच मोल जाणले. ज्या समाजाला माणसाच्या दारापर्यंत जाण्यासाठी मंत्री नेमावा लागला, त्याला भक्तिफेरीची कल्पना द्यावी, अशी श्रीमंती रोह्यापाशी आहे.

तिसरे चिंतामणराव देशमुख. मूळ घराणे रोह्याचे, प्राथमिक शिक्षणही तेथलेच. केंब्रिजला शिकून १९१८ साली ते आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. इंग्रजी कारभारातील वक्तशीरपणा, कागदाची शिस्त आणि ओळखीपाळखीला थारा न देणारा नियम त्यांनी पुरेपूर घेतला. अंतःकरण मात्र कालिदासाचे ठेवले. त्यांनी संस्कृतात काव्यरचना केली आणि ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणले. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी वशिला पाहिला नाही, महाराष्ट्राचे ऋण पाहिले. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या रोह्याच्या तरुणाने एवढे एक चरित्र नीट वाचले, तरी इंग्रजांकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये याचा निवाडा होईल.

गणपतीच्या दिवसांत

वर्षातून काही दिवस हा समाज आपोआप शहाणा होतो. गणपतीत पेणच्या कोणत्याही आळीत ओळख नसलेल्या घरातही दर्शनाला जाता येते. कोणी फोन करत नाही, कोणी वेळ घेत नाही, आणि प्रसाद घेतल्याशिवाय कोणी सुटत नाही. दसऱ्यानंतर रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात, आणि मग ती ग्रामप्रदक्षिणेला दारोदार फिरते. शासनाची शिस्त आणि गावाचा जिव्हाळा यांचा असा संगम दुसरीकडे क्वचितच दिसेल. सलामीला शिस्त हवी म्हणून ती पोलिसांकडे, आणि दारात येण्याला आमंत्रण नको म्हणून ते देवाकडे. कोणत्या जागी काय शोभते हे गावाच्या परंपरेला नेमके ठाऊक आहे, ते फक्त घराघरांतल्या माणसांना विसरायला झाले आहे.

म्हणून करायचे ते अवघड नाही. मुलाला ‘थँक्यू’ म्हणायला शिकवावे, पण ते वाहकाला, टपाल आणणाऱ्याला आणि कचरा नेणाऱ्या ताईंना, कारण त्यांना आजवर कोणी म्हटलेले नाही. आजीच्या बाबतीत मात्र रोज तिच्यापाशी दहा मिनिटे बसायला शिकवावे. मावशीला मावशी म्हणावे आणि तिचे काम तिला परत द्यावे. आळीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने करावी, आणि रोज संध्याकाळी एकाने न विचारता त्यांचे दार वाजवावे. त्याच कार्यकर्त्याने एस.टी.च्या दारात शेवटी चढावे, आणि आपल्या मंडळाच्या गणपतीपुढे वेगळी रांग लावण्यास पुढाऱ्याला तोंडावर नकार द्यावा. दुसरे काम पहिल्याहून अवघड आहे, म्हणून त्याची सुरुवात आधी करावी.

इंग्रज या देशातून गेला तेव्हा रांग सोबत घेऊन गेला आणि नेकटाय मागे ठेवून गेला. कोकणच्या दमट उन्हात लहानग्यांच्या गळ्यात ती अजून लटकते आहे. ती खुशाल उतरवावी, आणि त्याने नेलेली रांग मात्र परत आणावी.